पोत्यातले बांगडे

मांडवगणला समुद्र नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथलीच. पण साहेबांनी ते ऑफिसात सगळ्यांदेखत सांगितलं, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं तापतं.

नव्वदच्या दशकात मी कोकणातल्या एका बंदरावर मासे मोजायची नोकरी करत होते. लिलावाला टोपल्या आल्या की त्यातले थोडे उचलायचे, पट्टीवर ठेवून लांबी घ्यायची. समुद्रात मासा किती उरलाय, वाढायच्या आतच पकडला जातोय का, याचा अंदाज त्यावरून बांधला जायचा. माझ्या टोपल्यांतले बांगडे चांगले भरलेले असायचे. साहेब खूश. पण जिच्या खानावळीत मी जेवायचे, त्या मावशीच्या नवऱ्याची होडी रिकामी परतायची. त्यांचं घर त्या होडीवरच चालायचं. ती रोज म्हणायची, "बांगडा गावत नाय गो. तू मोजतेस ना, मग वर कळव की!"

सुट्टीला घरी आले, तर दादाने नवी पोल्ट्री टाकलेली. मोठ्या कौतुकाने त्याने खाद्याचं पोतं उघडलं.

"मक्यात सुकी मासळी घालतो, अंडी मोठी व्हत्यात, तायडे. दौंडच्या व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय, आमची बहीण मासळीच्या खात्यात हाय, माल चांगला दे म्हणून."

मी पोत्यात हात घातला. बोटाएवढे बांगडे, वाळून कडक झालेले. एकही वाढलेला नाही. म्हणजे ही पिल्लं लिलावात येतच नव्हती. परस्पर वाळवून, पोत्यांत भरून घाट चढत होती, आणि मला उरलेले मोठे तेवढे मोजायला मिळत होते.

मी दादावर भडकले. आमचं घर मूळचं मेंढरांचं. कितीही अडलं तरी मादी कोकरं विकायची नाहीत, ती कळपातच ठेवायची, ही आमच्यातली रीत.

"आपण असली कोकरं कवा विकली का रं? मग हे काय हाय?"

पोत्याचं तोंड बांधत दादा म्हणाला, "मेंढरं आपली असत्यात गं. समुद्र कुणाचा हाय?"

माझा राग आणखीच चढला. पिशवीभर मासे घेतले आणि एसटीत बसले. वासापायी कंडक्टरने मला शेवटच्या सीटवर पिटाळलं.

साहेबांनी पिशवी पेनाने लांब सारली. "नमुना कुठला?"

"मांडवगण फराटा, तालुका शिरूर."

सगळं ऑफिस हसलं. "तिथे समुद्र आहे का? नमुना बंदरावरचाच लागतो."

"साहेब, मासे बंदरावरूनच गेलेत ना!"

"गेलेत ना? मग बंदरावर नाहीत."

बांगड्याची स्थिती समाधानकारक, असं वर कळवलं गेलं.

मी पाय आपटत खानावळीत गेले. मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ताट समोर ठेवलं. रश्श्यात बांगड्याच्या जागी अंडं होतं.

"होडी विकायला काढली गो त्यांनी," ती म्हणाली. "आता रोज हेच. घाटावरून येतात. खा, तुझ्याच मुलखातली आहेत."

अंडं चांगलं टपोरं होतं.