हलीमाबींची खोळ

दोन वर्षांपूर्वीच्या सतरा सप्टेंबरला, सकाळी पावणेदहा वाजता, आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात हलीमाबी पिंजारी यांचा अपमान झाला. वेळ मुद्दाम लिहिते आहे, कारण आता गावात कुणालाही विचारा, "तसं काही झालंच नाही," म्हणतात. झालं. मी तिथं होते. नुसती होते असं नाही, त्यात माझाही वाटा आहे, तोही पुढं सांगते. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. माकणीच्या धरणापासून फार लांब नाही, एवढंच. नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "त्या गावचे लोकच तसले," आणि पान उलटाल.

हलीमाबी गाद्या भरायच्या. घरी कापूस पिंजायचं यंत्र, दारात उन्हात टाकलेल्या उशा, आणि अंगाखांद्यावर, केसांत, भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू. वर्षभर त्या अशाच दिसायच्या. सतरा सप्टेंबरला मात्र न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून, गादीची एक रिकामी खोळ खांद्यावर टाकून शाळेत यायच्या. झेंडा वर गेला की व्हरांड्यातल्या खुंटीला ती खोळ टांगायच्या, पहिल्यांदा आपल्या घरच्या भाकरी आत टाकायच्या आणि तिच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या. भिंतीकडं तोंड, हात मागं बांधलेले. मग गावातली एकेक बाई यायची, घरून आणलेल्या भाकरी, धपाटे, शेंगापोळ्या खोळीत टाकायची आणि निघून जायची. कुणी काय टाकलं हे हलीमाबी बघायच्या नाहीत. लहानपणी मला वाटायचं, त्यांना शाळेत शिक्षाच झालीय.

त्या पाठ का करायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं. आपल्याकडं स्वातंत्र्य आलं ते देशाच्या नंतर तेरा महिन्यांनी, सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीसला. तोवर निजामाचं राज्य, आणि रझाकारांची दहशत. गावातली काही पोरं सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेली होती. त्यांना भाकरी पोचवायची कुणी? हलीमाबींचे सासरे कासमबाबा कमान खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. पिंजाऱ्याचं गाठोडं कोण तपासतंय? आणि त्यातून मुसलमान माणूस. त्यांनी झोपडीमागच्या बाभळीला एक खोळ टांगली. शेताकडं जाता येता बाया त्यात भाकरी टाकायच्या. कासमबाबा तेवढा वेळ पाठ करून कमानीचा टणत्कार चालू ठेवायचे. वर कापूस भरला की झाली गादी. उद्या पकडलं, मारलं, तरी कुठल्या घरची भाकरी हे त्यांना सांगताच येऊ नये, म्हणून ती पाठ.

कॅम्पातल्या पोरांना ती भाकरी कापसाचे तंतू निवडून खावी लागायची. राज्य आपलं झालं, पोरं परत आली. पुढच्या वर्षी झेंडावंदन झाल्यावर त्यातल्याच कुणीतरी म्हटलं म्हणे, "कासमबाबा, ती खोळ काढा. एकदा गावात बसून खाऊ." तिथून ही रीत पडली. सासऱ्यांनंतर सून पाठ करून उभी राहू लागली.

खायचा नियम एकच. खोळीत हात घालायचा, जे हाताला येईल ते घ्यायचं. कासमबाबांचं एक वाक्य हलीमाबी दरवर्षी त्यांच्याच दखनीत म्हणायच्या, "किसकी हय पूछने का नै. खाने का." आणि मग आमच्यासाठी मराठीत, "कुनाची हाय इचारायचं न्हाय. गप गिळायचं."

भाकरीबरोबरच्या कोरड्यासालाही तोच न्याय. शेंगाची, जवसाची, कारळाची, तिळाची, घरोघरच्या चटण्या एकाच परातीत पडायच्या आणि हलीमाबी कोपरापर्यंत हात घालून ती परात कालवायच्या. त्या चटणीची चव दरवर्षी वेगळी. एखाद्या वर्षी लसूण डोक्यात जायचा, एखाद्या वर्षी मिठाचा पत्ता नसायचा. कुणी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "गावाची चव हाय ती. गावच आळणी झालं आसंल यंदा."

एकदा नवे हेडमास्तर आले होते. त्यांच्या हाताला मऊसूत धपाटं आलं. त्यांनी कौतुकानं विचारलं, "वा! कुणाच्या घरचं हो हे?"

"मास्तर, त्या घरी मुलगी बघाया जायाचंय का?"

"नाही नाही, सहज विचारलं."

"मग सहज खावा."

आणखी एक प्रसंग. गावातल्या मोठ्या घरच्या काकू खव्याच्या पोळ्या डब्यात घालून आल्या आणि म्हणाल्या, "हलीमाबी, हा डबा जरा वेगळा ठेवा, पाहुण्यांसाठी आहे." हलीमाबी वळल्यासुद्धा नाहीत. भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "बाई, खोळीला येकच तोंड हाय." काकूंनी पोळ्या खोळीत टाकल्या. त्या वर्षी खव्याची पोळी कुणाच्या हाताला लागली असेल? गटारी काढणाऱ्या माणसाच्या. त्यानं ती उभ्या उभ्या खाल्ली, आणि काकूंना ते बघावं लागलं. मला हा दिवस आवडायचा तो यासाठी.

मग गेल्या काही वर्षांत सतरा सप्टेंबरची भाषणं बदलली. बाहेरून वक्ते येऊ लागले. रझाकार, रझाकार असं ओरडताना त्यांची मान आपोआप पिंजारवाड्याकडं वळायची. टाळ्या पडायच्या. हलीमाबी खाली पोत्यावर बसून ऐकायच्या. ज्यांच्या सासऱ्यांनी भाकरी पोचवली, त्यांच्याच तोंडावर हे! माझं डोकं फिरलं. एसटी स्टँडवरच्या मुतारीपासून पीकविम्यापर्यंत पत्रकं काढणारी मी, म्हटलं, आता हेही छापणार. मथळा ठरवला, "भाकरी कुणी पोचवली?" खाली कासमबाबांचं नाव, हलीमाबींचं नाव, घर, सगळं. मजकूर त्यांना वाचून दाखवला.

"नाव नगं टाकू, पोरी."

"का, खाला? तुम्ही का लपायचं?"

"लपत न्हाय म्या. नाव आलं की घर दिसतं. घर दिसलं की लोक खायाच्या आदी इचार करत्यात."

"खाला, ते दिवस गेले आता."

त्या हसल्या. भुवईवरचा तंतू काढून फुंकला. "तुला म्हाईत."

मी छापलं. लोकांनी वाचलं, दोघा-चौघांनी फोटो काढून सगळीकडं पाठवलं, मी आठवडाभर हवेत होते. मग उत्सव समितीचे अध्यक्ष सुधाकरभाऊ घरी आले. "ताई, तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. नावं पाहिजेतच. पण एकट्या पिंजाऱ्याचं का? सगळ्यांचीच टाकू." त्यांनी ठरवलं: मुक्तिदिनाची पाककला स्पर्धा. टेबलं, टेबलक्लॉथ, प्रत्येक पदार्थापुढं करणारीच्या नावाची चिठ्ठी, तीन बक्षिसं. खोळ बंद. "पाहुणे येणार, बरं दिसत नाही ते खोळीत हात घालणं." मला वाईट वाटलं, पण बोलले नाही. नावं तर मीच मागितली होती ना! वर चिठ्ठ्यासुद्धा मीच लिहून दिल्या. माझं अक्षर चांगलं आहे.

आता पावणेदहाचं ऐका. व्हरांडाभर टेबलं. आंबाडीची भाजी, उडदाचं घुटं, हुलग्याचे शेंगोळे, तिळाच्या भाकरी. प्रत्येकापुढं निळ्या शाईत एक नाव. मधल्या टेबलावर "हलीमाबी पिंजारी – भाकरी व मिक्स चटणी". आणि मागं हलीमाबी स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडं तोंड करून.

लोक ताटल्या घेऊन रांगेनं आले. हात पुढं यायचा. नजर चिठ्ठीवर जायची. हात पुढच्या टेबलाकडं सरकायचा. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग. ज्या बाईच्या बाळंतपणातली गादी हलीमाबींनी भरून दिली होती ती म्हणाली, "माझा आज उपास हाय," आणि शेजारच्या टेबलावरचं धपाटं उचललं. कुठला उपास धपाट्याला चालतो? परीक्षक बाईंनी चमच्यानं चटणी हलवली, चाखली नाही, आणि म्हणाल्या, "यात कापसाचा तंतू आहे. स्वच्छतेचे गुण कापावे लागतील." त्या तंतूला एके काळी गाव सलाम करत होतं, बाई!

वर्षानुवर्षं हेच लोक त्या खोळीतून खात होते. हलीमाबींच्या हातची भाकरी यातल्या प्रत्येकाच्या पोटात कधी ना कधी गेलेली आहे. तेव्हा कुणाला बाधली नाही. बाधलं ते नाव.

मी जाऊन त्यांची भाकरी खाल्ली, सगळ्यांना दिसेल अशी. त्याचा काय उपयोग! मी खाणार हे ठरलेलंच होतं. हलीमाबींनी उरलेल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्या, भाकरी फडक्यात बांधल्या. चिठ्ठी उचलली, जवळ धरून बघितली. त्यांना मराठी जेमतेम वाचता यायचं.

"लई सुबक अक्षर हाय तुजं," त्या म्हणाल्या. "समद्यांना वाचाया आलं."

एवढंच. चिठ्ठी टेबलावर सरळ करून ठेवली आणि निघाल्या. सुधाकरभाऊ माईकवरून तेव्हा एकतेचं महत्त्व सांगत होते.

त्यानंतर मी चार वेळा त्यांच्याकडं गेले. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, शिवी दिली नाही. शिवी परवडली असती. खोळीचं विचारलं तर म्हणाल्या, "भरली कापसानं. रिकामी ठिवून काय करू?" मागच्या वर्षी स्पर्धा पुन्हा झाली. मी गेले नाही, त्याही गेल्या नाहीत. सुधाकरभाऊंना भर ग्रामसभेत विचारलं तर म्हणाले, "कुणी कुणाचं काय खावं, यावर कायदा आहे का?"

या उन्हाळ्यात हलीमाबी गेल्या. मातीला अख्खं गाव आलं. कबरस्तानाच्या भिंतीला टेकून लोक हळहळत होते, "काय चटणी कालवायची बाई! तसली चव पुन्हा न्हाय." मी तिथंच विचारलं, "शेवटची कधी खाल्ली होती?" जोडे शोधायला लागले सगळे.

चाळिसाव्यानंतर त्यांच्या मुलीनं एक गादी आणून दिली. "अम्मीनं तुमच्या नावानं ठेवली होती." तीच खोळ होती. हलीमाबींची शिवण गावाला माहीत आहे; दोन बैलांनी ओढली तरी उसवणार नाही. या गादीच्या तिन्ही बाजू तशाच होत्या. चौथी, तोंडाची बाजू मात्र लांब लांब टाक्यांनी नुसती धावदोरा घालून बंद केलेली, आणि दोऱ्याचं टोक बाहेर सोडलेलं. ओढलं की सुटेल असं. मी ओढलं.

कापूस काढला. खोळ धुतली. येत्या सतरा सप्टेंबरला, झेंडा वर गेला की, ती शाळेच्या व्हरांड्यातल्या त्याच खुंटीला असेल. समितीनं खुंटी काढली तर बाहेरच्या लिंबाला असेल. मी पाठ करून उभी राहीन. तुम्ही आमच्या गावचे असाल तर या. दुसऱ्या गावचे असाल तर गादीची खोळ तुमच्याही घरात आहे. ती काढा, धुवा, आपल्या शाळेत टांगा. आणि येताना नाव घरी ठेवून या. स्पर्धेच्या टेबलावर एक डबा देऊ नका, एका चिठ्ठीवर सही करू नका. ज्यांना आधी नाव वाचायचं आहे त्यांनी झेंड्याला हात लावू नये, सरळ घरी बसावं. बाकीच्यांनी भाकरी आत टाका, मग खोळीत हात घाला. जी येईल ती खा. तंतू लागला तर काढून खा, पण खा.