वॉर्डातली थर्ड पार्टी

चहा घ्या आधी, मग निवांत सांगते. माझ्या हातून झालेला घोटाळा काही साधासुधा नव्हता. त्यात मेट्रनबाई, मोठे डॉक्टर आणि पुरुषांचा अख्खा वॉर्ड सापडला होता.

बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट. मी तिसगावच्या शेतकऱ्याची पोर, नगरला एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. मोसंब्याला सुई टोचून टोचून हात बसला होता. मोसंबं काही ओरडत नाही. मग एका शनिवारी मेट्रनबाईंनी वर्गात सांगितलं, "पुढच्या आठवड्यानंतर वॉर्डात जायचं. तिथं पेशंटला काही झालं तर जबाबदारी तुमची."

झालं. माझी झोपच उडाली. माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर? वडील येऊन सरळ तिसगावला नेतील आणि दिवाळीच्या आत लग्न लावून टाकतील.

रविवारी भिंगारला थोरल्या बहिणीकडे गेले. तिचे मालक, आमचे दाजी, ट्रकांचे विमे उतरवायचे. त्यांना सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" दाजी म्हणाले. "ट्रकनं कुणाला उडवलं तर भरपाई विमा देतो. त्याला थर्ड पार्टी म्हणतात."

"मग दाजी, नर्सचा बी असतो का असा इमा?"

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं दाजींच्या रक्तात नव्हतं. "वर विचारून बघू की. तू तुझ्या मेट्रनबाईंची परवानगी काढ. अख्ख्या बॅचची थर्ड पार्टी करून टाकू."

सोमवारी मी बाईंसमोर उभी. "बाई, वॉर्डात जायच्या आधी आम्हा सगळ्यांची थर्ड पार्टी करायची आहे. परवानगी पाहिजे."

मेट्रनबाई कधी हसायच्या नाहीत. त्या दिवशी हसल्या. "पहिल्या बॅचनं केली, दुसरीनं केली, तिसरी तुमचीच. मी वाटच बघत होते. शनिवारी चारला, पुरुषांच्या वॉर्डात करू. डॉक्टरांनाही बोलावते."

"डॉक्टरांना पण लागते?"

"त्यांना वगळून कसं चालेल? आणि पेशंटना विसरू नका."

"त्यांना कशी विसरेन, बाई? त्यांच्याचसाठी तर करायची."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "गुणाची आहेस," म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, आधीच्या दोन्ही बॅचनी वॉर्डात जाताना चहा-फराळाची पार्टी दिली होती, हे मला कळायचं कसं? मला वाटलं, त्या सगळ्यांचा विमा उतरलाय, आपणच मागे राहिलोय. लगेच दाजींना शनिवारी चारला यायचा निरोप धाडला.

शनिवारी वॉर्डात गेले तर टेबलावर पांढरी चादर. डॉक्टर खुर्च्यांवर. पेशंट हातात मग आणि वाट्या घेऊन उठून बसलेले. मला वाटलं, औषधाची वेळ असेल. तेवढ्यात दाजी भलीमोठी पिशवी घेऊन आले. सगळा वॉर्ड त्या पिशवीकडे बघायला लागला.

"या, या," मोठे डॉक्टर हात चोळत म्हणाले. "काय काय आणलंय?"

"सगळं आणलंय, साहेब," दाजी म्हणाले, आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. मग घसा खाकरला. "मंडळी, सोमवारपासून या पोरी तुमच्यावर हात चालवणार. नवशिक्या आहेत. कुणाचा हात गेला, पाय गेला, एखादा डोळा गेला, देव न करो, जीवच गेला, तर घाबरायचं कारण नाही. भरपाईचं माझ्या मेव्हणीनं मनावर घेतलंय." आणि माझ्याकडे बोट केलं.

पेशंटांच्या हातातले मग आणि वाट्या हळूहळू खाली आल्या. कोपरगावकडचे एक बाबा होते, उसाच्या गाडीवरून पडून पाय प्लास्टरात. ते म्हणाले, "डाक्टर, मला सोमवारच्या आत घरी सोडा. पाय ऱ्हाऊ द्या तसाच."

"मला बी," शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

मेट्रनबाई माझ्याजवळ आल्या. हळूच विचारलं, "शांता, फराळ कुठंय?"

"कसला फराळ, बाई?"

त्यानंतर बाई जे बोलल्या ते सोडून देते. मेसमध्ये घाईघाईनं पोहे झाले. कांदा मी चिरला आणि मनसोक्त रडून घेतलं. दाजींनी दोन बशा पोहे खाल्ले आणि मोठ्या डॉक्टरांच्या गाडीचा विमा ठरवूनच उठले.

सोमवारी आम्ही वॉर्डात शिरलो तर सगळ्यांची पांघरुणं हनुवटीपर्यंत. कुणी दंड दाखवायला तयार नाही. "तू घातलेला गोंधळ, तूच निस्तर," म्हणत बाईंनी मला कोपरगावच्या बाबांपुढं उभं केलं.

"पोरी, आजवर कुनाला टोचलंस?" बाबांनी विचारलं.

"मोसंब्याला, बाबा."

"मग त्याचं काय झालं?"

"खाल्लं आम्ही."

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं. मग त्यांनी दंड पुढं केला आणि डोळे मिटले. "टोच. माझी नात तुझ्यायेवढीच हाय."

मी टोचलं. औषध गेलं, सुई निघाली. बाबांनी एक डोळा उघडला. "झालं बी? लई हलका हात हाय गं."

ते ऐकलं आणि आठवडाभर धरून ठेवलेला श्वास सुटला. डोळ्यांपुढं अंधारी आली. पडताना कपाळ लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं.

शुद्धीवर आले तेव्हा बाबांच्या शेजारच्या खाटेवर होते. डॉक्टर कपाळाला टाके घालत होते, आणि बाबा उठून बसून साऱ्या वॉर्डाला समजावत होते, "भिऊ नका रं. ही पोर आपल्याला काय बी करत न्हाई. सवतालाच करती."