मानाचा नारळ गावच्याच हाती

घिवलीत दोन होड्यांचं भांडण लागलं की लोक पोलिसात जात नाहीत, दादू तामोरेकडे जातात. कुणाच्या जाळ्याची जागा कुठवर, वाहून आलेली जाळी कुणाची, दोरी कापली तर चूक कुणाची, सगळं त्याला तोंडपाठ. निकाल देताना तो आवाज चढवतो, आणि एकदा शब्द तोंडातून गेला की ब्रह्मदेव आला तरी तो मागे घेत नाही. "दादूने सांगितलं तर भरतीसुद्धा थांबेल," अशी त्याची थट्टा व्हायची. खरं सांगायचं तर ती थट्टा त्याला आवडायची.

असल्या माणसाचा मुलगा रूपेश नौदलात गेला आणि तिथे एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत शिरला. वाऱ्याची जाण बापाकडून आलेलीच होती, नौदलाने फक्त नियम शिकवले. यंदा त्याला थेट युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेला पाठवलं, तेव्हा अख्ख्या घिवलीला ती स्पर्धा काय असते ते समजून घेणं भाग पडलं.

दादूच्या भावाची मुलगी हेतल बोईसरला कॉलेजात जाते. ती ओट्यावर बसून मोबाइलमधून वाचून दाखवायची आणि भोवती दहा-पंधरा माणसं कीर्तनाला बसल्यासारखी बसायची. भोंगा व्हायच्या आधी रेष ओलांडली तर मागे फिरायचं. वळणाच्या तरंगत्या बोयाला होडी लागली तर तिथल्या तिथे गोल गिरकी घ्यायची. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो वर. हे उलटं गणित लोकांच्या गळी उतरायला दोन संध्याकाळी गेल्या. दादूला मात्र एक नियम फार भावला. सगळ्या शर्यतींतली स्वतःची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून सोडून देता येते.

"ह्ये बेस केलंय," तो मांडीवर थाप मारून बोलला. "वाईट दिस धरायचाच नाय!"

मग हेतल पेल्यावर कोरलेली जुन्या विजेत्यांची नावं वाचायची. एकेक नाव असं की जीभ दाताखाली यावी. पण दादू ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा आणि शेवटचं नाव झालं की खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवायचा. "इकडं आपला रूपेश." गावाच्या देवीच्या देवळात एक फळा आहे. दरवर्षी नारळी पुनवेला होड्यांची शर्यत होते, तिच्या विजेत्यांची नावं त्या फळ्यावर रंगवतात. त्यात दादूचं नाव चारदा आहे. बापाचं फळ्यावर, मुलाचं युरोपच्या पेल्यावर. माणसाला आणखी काय हवं?

निकालाच्या दिवशी संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रूपेशचा फोन आला. "बाबा, पयला आलो." पुढचं कुणी ऐकलंच नाही. फटाके वाजले, कुणी गुलाल आणला, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष ज्ञानेश याने तर बॅनर सांगायला माणूस पिटाळला. गलका ओसरल्यावर दादूला उरलेलं वाक्य ऐकू आलं.

"पण पेल्यावर नाव नाय लागत, बाबा. शर्यत सगळ्यांना खुली हाय, कोनी पन उतरावं. विजेतेपद मात्र युरोपच्याच माणसाला. दुसरा आलेला पोरगा तिकडचा हाय, नाव त्याचं लागलं. मना वेगळं पदक दिलं."

"मंग तू काय केलंस?"

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पन वाजवल्या."

"तू कशाला वाजवल्यास?"

"काय करणार? हात मोकळेच होते. अन् नियम आधीच लिवलेला होता, बाबा. मना ठाव होता."

पोरगा शांत होता. बाप पेटला. "ह्यो कुठला न्याय? पयला आला तो पयला! पाणी काय पासपोर्ट बघतंय?" सगळं अंगण त्याच्या मागे ओरडलं. ज्ञानेश सर्वांत मोठ्याने.

लोक पांगल्यावर दादूची बायको पुष्पलता गुलाल झाडत होती. ती कमी बोलते, पण बोलते ते नेमक्या जागी लागतं.

"ह्यो तुमचाच न्याय," ती बोलली.

"माजा?"

"देवूचा नारळ इसरलात?"

दादू विसरला नव्हता. त्याने ती गोष्ट फक्त बाजूला ठेवली होती.

देवू हा शेजारच्या पाम गावापलीकडच्या पाड्यावरचा. मिसरूड फुटायच्या आधी दादूच्या होडीवर खलाशी म्हणून आला आणि तिथेच मोठा झाला. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की घरी जाऊन आपल्या तुकड्यावर भात लावायचा आणि नारळी पुनवेला परत यायचा. घिवलीच्या निम्म्या होड्या असल्याच माणसांच्या हातांवर चालतात. काही वर्षांपूर्वी जाळं ओढताना दादूचा उजवा खांदा निखळला. त्या पुनवेला शर्यतीत सुकाणू देवूने धरलं आणि होडी सगळ्यांच्या पुढे आणली. इथला नियम साधा आहे. उथळ पाण्यात दोन बांबू रोवतात. ते ओलांडताना ज्याच्या हाती सुकाणू, तो पहिला. पहिल्याने गावाचा सोनेरी कागदातला नारळ समुद्राला द्यायचा.

देवू पुढे आला. त्याने नारळासाठी हात पसरले. त्याची बायको जिवली पोरांना घेऊन किनाऱ्यावर उभी होती. पंचांनी दादूकडे पाहिलं, आणि दादूने आवाज चढवून निकाल दिला. "शर्यत खुली हाय. कोनी पन उतरावं. पन मानाचा नारळ गावच्याच तांडेलाचा." दुसऱ्या आलेल्या ज्ञानेशला नारळ मिळाला, फळ्यावर नाव मिळालं. देवू पसरलेले हात तसेच घेऊन मागे सरला.

पुढच्या वर्षीपासून एक गोष्ट आपोआप होऊ लागली. दादूचा खांदा काही बरा झाला नाही. सुकाणू सबंध शर्यतभर देवूच धरायचा, आणि बांबू जवळ आले की उठून ते दादूच्या हाती द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. फळ्यावरची ती चार नावं अशी लागली होती. दादूला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. होडी त्याची होती ना!

त्या रात्री ओट्यावर बसून तो हिशेब करत राहिला. रूपेशच्या नियमाने सोडून द्यायला एकच वाईट दिवस असता तर ठीक होतं. इथे तर दरवर्षीचा एक होता.

पुनवेच्या आधी बैठक भरली तेव्हा तो उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा चाचरला. "आपला नियम बदलूया. जो पयला, नारळ त्याचा. देवू असो का कोनी."

कुणी हसलं नाही, कुणी भांडलंही नाही. ज्ञानेश अगदी अदबीने बोलला, "दादूकाका, तिकडला अन्याय येगळा, आपला रिवाज येगळा. आज देवूला दिला तर उद्या समदे खलाशी उभे ऱ्हातील. मंग गावचं काय उरलं? अन् नियम तर तुमीच घातलाय. तुमचा शब्द आमी मोडायचा?"

माणसं माना हलवत होती. दादूने वर्षानुवर्षं त्यांना शब्द न मोडायला शिकवलं होतं, आणि ती फार चांगली शिकली होती. तो खाली बसला. ओरडायला तोंड उघडलं, पण कुणाविरुद्ध ओरडायचं तेच त्याला कळेना.

मग त्याने मनाशी एक ठरवलं. सुकाणू हातात घ्यायचंच नाही. देवूच्याच हाती होडी बांबूंतून गेली, सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं, तर बघू पंच काय करतात. पुनवेच्या सकाळी शीड चढवताना त्याने सांगितलं, "देवू, आज सुकाणू तूच. शेवटपर्यंत."

"हव, शेठ," देवू बोलला. तो सगळ्यालाच हव बोलतो.

वारा भरपूर होता. अणुशक्ती केंद्राच्या चिमणीच्या रेषेत होड्या वळल्या तेव्हा ज्ञानेशची होडी पुढे होती. देवूने शीड सैल सोडलं, एका लाटेवरून होडी अलगद आत घेतली आणि किनारा दिसू लागेपर्यंत ज्ञानेश मागे पडला होता. दादू पुढे शिडाची दोरी धरून बसला होता आणि त्याला कधी नव्हे ते लहान मुलासारखं हसू येत होतं. ढोल ऐकू यायला लागले. बांबू दिसले.

देवू उठला.

"बस खाली," दादू ओरडला. "तुला सांगितलंय ना!"

"घ्या शेठ."

"नाय घेणार."

"शेठ, माजी पोरं हायत किनाऱ्यावर." देवू समोर बघत होता, दादूकडे नाही. "त्या टायमाला त्यांनी बघलेलं. मी हात पसरलं ते. पोरगी कितीक दिस इचारीत होती, बाबा, तू काय चोरलास? पुन्यांदा नको."

"आज मी हाय ना! मी भांडन!"

"तवा पन तुमीच होतात," देवू बोलला. त्यात राग नव्हता. आणि त्याने हात काढून घेतला.

सुकाणू मोकळं सुटलं. होडीचं तोंड फिरलं, शीड फडफडलं, मागून ज्ञानेशची होडी अंगावर येऊ लागली. दादूला घ्यायचं नव्हतं. देवाशपथ त्याला घ्यायचं नव्हतं. पण मोकळं सुकाणू बघून स्वस्थ बसेल असा हात दर्यावर्दीच्या अंगाला नसतो. तो मागे झेपावला आणि दुखऱ्या खांद्यानेच त्याने ते धरलं. होडी सरळ झाली, बांबूंतून गेली.

किनारा दुमदुमला. कुणीतरी त्याला उचलून खाली उतरवलं, ज्ञानेशने मोठ्या मनाने गळ्यात हार घातला, आणि सोनेरी कागदातला नारळ त्याच्या हातात आला. "ह्यो माजा नाय," दादू बोलला, दोनदा बोलला. ढोलांत कुणाला ऐकू गेलं नाही, शेजारच्याला गेलं, तो बोलला, "काकाला भरून आलंय." लोकांनी त्याला पाण्यात ढकलत नेलं.

कंबरभर पाण्यातून त्याने मागे वळून पाहिलं. पुष्पलता मान खाली घालून उभी होती. तिच्या पलीकडे जिवली, पोरं, आणि देवू. होडी बांधून झाली होती, दोरी गुंडाळून झाली होती. देवूचे हात मोकळे होते. तो टाळ्या वाजवत होता.