गरम टेप

साठी उलटली तरी लोक त्याला बटन्याच म्हणत. जन्मभर रेकॉर्डिंगच्या बटणांपुढे बसलेला माणूस, दुसरं म्हणणार तरी काय? ऐन तरुणपणी त्याने एका बँडचा अल्बम रेकॉर्ड केला होता. लांबलचक गाणी, गिटारवर प्रतिध्वनीचे थरावर थर, सगळं कसं धुक्यातून आल्यासारखं. तेव्हा त्या अल्बमला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. आता मात्र त्यावर जीव टाकणारी पोरं निघाली होती, आणि चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने कंपनी तो नव्याने काढणार होती.

त्यात गाणारी मुलगी म्हणजे बटन्याची धाकटी बहीण. अल्बम आला त्याच वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घरात तिचे फोटो ढीगभर, पण आवाज? तो फक्त त्या अल्बममध्ये, आणि तिथेही गिटारींखाली गाडलेला. बँडला तसंच हवं होतं ना! आई दर वेळी ऐकायची आणि दर वेळी चिडायची. "मेल्यांनो, माझ्या पोरीचा एक शब्द तरी कळू द्या की!"

शब्द होते. अल्बममधल्या एका गाण्याची मूळ टेप बटन्याच्या कपाटात उरली होती. त्या रुंद टेपवर प्रत्येकाची पट्टी वेगळी: ड्रमची वेगळी, गिटारींची वेगळी, धाकटीची वेगळी. बाकीच्या बंद केल्या की ती एकटी गाणार. कंपनीलाही नेमकं तेच हवं होतं, नव्या अल्बममध्ये त्या गाण्यात तिचा आवाज पुढे आणायचा होता. कंपनीतल्या बाईंनी फोनवर बजावलं, "टेप तुम्हीच तयार करून ठेवा, पण वाजवू नका. आमचा माणूस येऊन उतरवून घेईल."

तयार करायची म्हणजे सुकवायची. असल्या जुन्या टेपा ओल धरतात, चिकट होतात. तशाच वाजवल्या तर ज्यात आवाज असतो तो तपकिरी थर खरवडून निघतो. म्हणून त्या मंद उष्णतेत ठेवायच्या, आणि मग पूर्ण गार होऊ द्यायच्या. जितका वेळ तापवायची तितकाच वेळ थांबायचं. या कामात बटन्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गरम टेपला हात लावणाऱ्यांना तो फाडून खायचा. "ही टेप आहे, इस्त्रीचा कपडा नाही!"

फळं सुकवायच्या यंत्रात त्याने टेप ठेवली, आणि नेमकं तेव्हाच आईने अंथरूण धरलं. छाती भरून आली, धाप लागली. डॉक्टर सकाळी आले, तिला तपासून बाहेरच्या खोलीत आले आणि हळूच म्हणाले, "औषध बदललंय. पण कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या."

बोलवायचं कुणाला? एकच तर होती, आणि ती स्वयंपाकघरात यंत्रात सुकत होती.

दुपारी आईचा श्वास घरघरायला लागला. बटन्याचं टाळकंच चालेना. उशाशी बसायचा, उठून यंत्राला हात लावायचा, परत यायचा. टेप नुकती तापून झाली होती. गार व्हायला उद्या उजाडणार. आणि आईचा उद्या? देवाचं नाव कधी न घेणारा हा माणूस पुटपुटत होता, 'एवढं एक गाणं ऐकू दे रे तिला, मग काय करायचं ते कर.' शेवटी त्याने टेप उचलली. हाताला ऊब लागत होती, चांगली ऊब. सगळं कळत होतं हो त्याला! कळत असूनही लावली.

टेप वाजवायचं मशीन त्याने आईच्या खाटेजवळ ओढलं. बाकीच्या पट्ट्या बंद केल्या. कॉपी करायला तार जोडावी, हेही त्या धांदलीत सुचलं नाही.

आणि धाकटी गायला लागली. ना गिटार, ना प्रतिध्वनी. तिने घेतलेला श्वास कळत होता, मिटलेले ओठ कळत होते, शब्द न् शब्द स्वच्छ. आईने डोळे उघडले. "आली?" एवढंच म्हणाली, आणि चादरीवर तिची बोटं ताल धरायला लागली. बटन्या तोंडात रुमाल कोंबून रडत होता.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, आणि मशीन किंचाळलं. टेप अडकली. तिथेच थांबवायला हवं होतं. पण या शहाण्याने हाताने चाक फिरवलं. "चल ग, थोडंच राहिलंय, चल ग धाकटे," म्हणत शेवटपर्यंत ओढतच राहिला. टेप पुढे सरकली ती आरपार दिसणारी, कोरी; आधी वाजून गेलेलीही तशीच. खाली तपकिरी भुगा पडला होता. मशीनमधून नुसती खरखर.

"थांबली का रे?" आईने विचारलं.

"दमली ग," तो म्हणाला. "उद्या म्हणेल."

आई झोपली. बटन्या जमिनीवरचा भुगा हाताने गोळा करत बसला. कशासाठी, कुणास ठाऊक.

नवं औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी आईचा श्वास मोकळा झाला, मग ती उशीला टेकून बसायला लागली, मग काठी घेऊन फिरायला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. बटन्याला आनंद झाला, का होणार नाही? आणि तिच्याकडे बघितलं की एकच मनात यायचं. एक दिवस थांबला असता तर!

टेप गेल्याचं कळवलं तेव्हा कंपनीतल्या बाई रागावल्यासुद्धा नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. जुन्याच, गिटारींखाली गाडलेल्या आवाजावरून हात फिरवून अल्बम निघाला. जाड पुठ्ठ्याचं देखणं कव्हर, आत धाकटीचा मोठा फोटो. बटन्याने तो अल्बम आईला लावून दाखवला. तिने जरा ऐकलं आणि मान हलवली.

"हे नको. त्या दिवशीचं लाव. अर्धंच राहिलंय माझं."

"मशीन बिघडलंय, आई."

"मग दुरुस्त कर की. जगाची करतोस."

आता रोज सकाळी तो तिच्यासमोर मशीन उघडतो. एकेक स्क्रू काढतो, पुसतो, परत बसवतो. मशीनला काहीही झालेलं नाही. आई शेजारी खुर्ची टाकून कौतुकाने बघत बसते.

"सावकाश कर रे," ती म्हणते. "आता बरी झालेय मी. मला काही घाई नाही."