राखणीच्या आक्का

आक्का राखणीला आल्या की आधी मालकाच्या खुर्चीत बसत. मालक अजून घरातच, ट्रंका बांधायच्या राहिलेल्या, टांगा दारात, आणि ह्या बाई सोप्यातल्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन खुशाल. आमच्या मामंजींना, सांगलीतल्या नावाजलेल्या वकिलांना, ते मुळीच खपत नसे. एकदा त्यांनी नुसता घसा खाकरला, तर आक्का म्हणाल्या, "बाळू, तू भायेर पडलास की घर माझं. सवय करून घेतीया."

मामंजींना बाळू म्हणणारं माणूस जगात तेवढं एकच. आक्का त्यांच्या थोरल्या चुलतबहीण, पलूसच्या. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, प्राथमिक शाळेत जन्म घालवून पेन्शनीत आलेल्या. म्हणजे नातेवाइकांच्या लेखी रिकाम्याच. कुणाचं काशीला जायचं निघालं, कुणाचं लग्नाला, की पहिलं वाक्य ठरलेलं, "घराचं काय? आक्का आहेत की!" त्यांना विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. माझ्याही येत नव्हतं, उगीच शहाणपणा कशाला सांगू?

राखण म्हणजे काय, तर पहाटे नळाला पाणी येईल ते भरायचं, दूधवाल्यावर नजर ठेवायची, तुळस जगवायची, आणि मोत्याला दोन वेळा भाकरी कुस्करून घालायची. मोत्या आमचा कुत्रा, म्हातारा आणि महाहट्टी. समोर माणूस बसल्याशिवाय तो तोंड लावत नसे. आक्का बसत. बदल्यात त्यांना काय, तर प्रसादाचा पुडा आणि खणाचा तुकडा. वर आमच्या घरची रीत अशी, की जाताना कोठीला कुलूप घालायचं आणि आठवड्याची साखर डब्यात मोजून ठेवायची. त्या डब्याकडे बघून आक्का मला म्हणाल्या होत्या, "घराला मी इस्वासू हाय, साखरेला न्हाई." मी मान खाली घातली. नवी सून होते, दुसरं काय करणार?

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही सगळे हरिद्वारला निघालो. आक्कांनी मामंजींना समोर बसवून बजावलं, अक्षय्य तृतीयेच्या आत परत या, दुसऱ्या दिवशी पलूसहून आमची यात्रेची गाडी निघते कन्याकुमारीला. तीस वर्षं त्यांनी पोरांना नकाशावर छडी टेकवून तीन समुद्र दाखवले होते. नकाशाला तिथं भोक पडलं, पण बाईंनी एकही समुद्र पाहिलेला नव्हता. गाडीत एक जागा मिळवायला त्या तीन वर्षं थांबल्या होत्या. मामंजी म्हणाले, "हो, हो, येतो."

आणि हरिद्वारात त्यांना मसुरीची हवा आठवली. तार केली, आठ दिवस उशीर, तू राहा. मी कसंबसं विचारलं, "आक्कांची गाडी?" तर म्हणाले, "समुद्र काय पळून जातोय? पुढच्या वर्षी बघेल." मी ट्रंक आवरायला घेतली. मसुरी मलाही बघायची होती, हे आज कबूल करते.

परत आलो तर दाराला कुलूप आणि कुलपात खोचलेली चिठ्ठी, बाईंच्या वळणदार अक्षरात. "मोत्या उंब्रजला व्याह्यांकडे आहे. किल्लीही तिथेच. मी कन्याकुमारीला." आमच्या आधी ती अख्ख्या गल्लीने वाचलेली.

उंब्रज म्हणजे माझं माहेर. लग्नात मानपानावरून मामंजी जे रुसले होते, ते दोन वर्षं त्या गावची वेस ओलांडली नव्हती. आता ट्रंकांसकट एसटीत बसून निघाले. माझे वडील फौजेतले सुभेदार. आक्का कंडक्टरशी भांडून मोत्याला मांडीवर घेऊन आल्या, हे त्यांनी आम्हाला मोठ्या आनंदाने सांगितलं. दारातच त्या म्हणाल्या होत्या, "सुभेदार, मुकं जनावर कुलपाआड ठेवून मी जानार न्हाई. आनि जायची तर हायच." मोत्या वडिलांच्या पायाशी बसला होता, अंगाने चांगला भरलेला. मामंजींना चहा घ्यावा लागला, आणि आपल्याच घराची किल्ली व्याह्याकडे तोंडाने मागावी लागली.

आक्का परतल्यावर मामंजी दारातच कडाडले, "तुझ्यावर विश्वास टाकला होता!"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "इस्वास मोत्याचा व्हता बाळू, त्यो न्हाई मोडला. तुझी सोय मोडली."

त्यानंतर त्यांना राखणीला कुणी बोलावलं नाही, आणि मग सणालाही बोलावणं थांबलं. त्यांना ते लागलं. मला म्हणाल्या, "लोकांना मी नगं व्हते गं. घरात टेकलेलं माझं बूड पायजे व्हतं." पण पश्चात्ताप? नाव नको.

पुढच्या उन्हाळ्यात म्हैसूरचा बेत निघाला. मामंजी म्हणाले, घरी सून राहील, मोत्याला तिची सवय आहे. मी भाकरी थापत होते. हात तसाच ठेवून म्हटलं, "मी येणार आहे, मामंजी. मोत्याचं तुम्ही बघा." सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. पण म्हैसूरला मी गेले, आणि घरी मोत्यासमोर मामंजी बसले.

येताना पलूसला उतरून मी आक्कांना हे सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. कसलं काय! त्यांनी पुढ्यात शेंगा सरकवल्या आणि विचारलं, "बरं झालं. आता एकली कुठं जानार?"

उत्तर सुचायला मला दोन वर्षं गेली, आणि तोवर आक्का गेल्या. मी पिशवी भरली, नवऱ्याला कन्याकुमारीच्या गाडीची वेळ सांगितली आणि एकटीच निघाले. घरी कोण राहणार, ते मी विचारलं नाही.