भट्टीवाल्याची बिस्किटं

ज्या माणसाने पंचवीस वर्षं कारखान्यात लोखंड तापवलं, त्याने घरी आल्यावर पातेल्याखालच्या आचेला हात लावायचा नाही, हा नियम कुणी केला? ज्याने केला असेल, तो नक्कीच थंडीत कुडकुडत, उपाशीपोटी बायकोची वाट बघत बसला असणार आणि ती आल्या आल्या तिच्यावरच खेकसला असणार. भट्टीवाल्याने तसं केलं नाही. तो उठला आणि त्याने गॅस पेटवला. हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा पुढचा आहे. ही गोष्ट त्याने अठरा वर्षं लपवली.

कारखान्यात सगळे त्याला भट्टीवालाच म्हणायचे. गाड्यांची दातेरी चाकं भट्टीत लाल करायची आणि नेमक्या क्षणी तेलात बुडवायची, हे त्याचं काम. भट्टीवर तापमानाचा काटा होता, पण हा पठ्ठ्या काट्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. झरोक्यातून लोखंडाचा रंग बघायचा आणि म्हणायचा, "काढा." एकदा नव्या साहेबाने काट्यावर बोट ठेवून सांगितलं, अजून दहा मिनिटं आहेत. हा म्हणाला, "मग दहा मिनिटांनी तुम्हीच काढा, आणि तुटली की तुम्हीच जोडा." काटाच बिघडलेला निघाला. साहेब पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

असा हा कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. पण थोरला भाऊ समोर आला की याची दातखीळ बसायची. वडील लवकर गेले, दादाने याला लहानाचं मोठं केलं, आणि दादाचं मत पक्कं होतं: स्वयंपाकघरात शिरणारा पुरुष म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर.

बायको वीज कंपनीत मीटर बघायच्या कामावर होती. दिवसाला दीडदोनशे मीटर, लिफ्ट नसलेल्या इमारती, जिन्याखालचे अंधारे कोपरे आणि दर दुसऱ्या दारात एक कुत्रं. गल्लीत तिचं नावच मीटरवाली पडलं होतं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असायचे. हा पहिल्या पाळीचा, तीनला घरी. शिवाय खरं सांगायचं तर तिला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने भात केला, तो दोघांनी सुरीने कापून खाल्ला. "उद्यापासून मी बघतो," तो म्हणाला. "बघा बाबा," ती म्हणाली आणि तिने पाय खुर्चीवर घेतले. संपला विषय.

आणि काय रांधायचा हो! थंडी पडली की मसूर, गाजर, दोन टोमॅटो, लसणाच्या सात-आठ पाकळ्या एकत्र मंद आचेवर ठेवायचा. दीड तास झाकण उघडायचं नाही, मग रवीने घोटायचं, वरून लोण्याचा गोळा आणि ताजी कुटलेली मिरी. ते सूप प्यायलं की कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब चढायची. मीटरवालीच्या पिशवीत रोज एक डबी असायची: भिजवून, कोरडे पुसून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजलेले हरभरे. चौथ्या मजल्यावर दम लागला की ती पायरीवर बसून मूठभर तोंडात टाकायची. अर्धे कुत्र्यांना जायचे, म्हणून तर ती कधी चावली नाहीत, असं ती सांगायची.

पण खरी ख्याती आल्याच्या बिस्किटांची. लोणी, गूळ आणि किसलेलं आलं अगदी बारीक आचेवर वितळवायचं. गूळ विरघळला पाहिजे, उकळता कामा नये. ते कणकेत ओतायचं, चिमूटभर सोडा आणि सुंठ घालायची. पीठ सैल होतं, हाताला चिकटतं. तसंच झाकून गॅलरीत, उघड्या थंडीत रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी ते घट्ट होतं. मग लाटायचं, वाटीच्या काठाने गोल कापायचं आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये बारा मिनिटं. आधी गारठा, मग धग. लोखंडाशी पंचवीस वर्षं झटून त्याला एवढं कळलं होतं.

आता लपवालपवी कशी सुरू झाली, तेही ऐका. लग्नाच्या पहिल्याच थंडीत त्याची आई न कळवता दारात उभी. याचं धाबं दणाणलं. डाव बायकोच्या हातात कोंबला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसला. आईने सूप चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "सुगरण सून मिळाली हो मला." मग तिने ते गणगोतात सगळ्यांना सांगितलं, आणि पुढच्या वर्षी ती गेली. गेलेल्या आईचं बोलणं खोटं कसं पाडायचं?

तेव्हापासून दर वर्षी तेच. थंडीच्या शेवटच्या आठवड्यात भट्टीच्या आतल्या विटा बदलायला कारखाना बंद असायचा, दादाकडेही सुट्टी असायची. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि आत्या, सगळे तीन दिवस याच्याकडे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हा रांधायचा, बेल वाजली किंवा कुणाची चाहूल लागली की ॲप्रन बायकोच्या गळ्यात आणि हा बाहेर. मीटरवाली दर वर्षी म्हणायची, "यंदा सांगून टाका. तुमच्या कौतुकावर मी किती दिवस जगू? मला घास गिळवत नाही." हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." भट्टीसमोर छाती काढून उभा राहणारा हा शूर वीर!

मग यंदा नाटक अंगाशी आलं. वहिनींच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. वहिनींनी धाकट्या जावेला फोन करून बिस्किटांची कृती विचारली, आणि मीटरवालीने बिचारीने जेवढं पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं. वहिनींनी पीठ मळलं आणि लगेच भाजायला ठेवलं. ओव्हन उघडला तर ट्रेमध्ये रस्त्यावर ओततात तसा काळा थर! पाहुण्यांसमोर ठेवायला विकतचा पुडा फोडावा लागला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "एक जिन्नस हातचा राखलास ना?" वहिनींचा आवाज थरथरत होता. "सांगायचं नव्हतं तर नाही म्हणायचंस. असं तोंडघशी कशाला पाडलंस? आम्ही येऊ, पण माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवायचं. पिठापासून. नाहीतर तुझा-माझा संबंध संपला."

"शप्पथ सांगते, जाऊबाई..." मीटरवाली म्हणेपर्यंत फोन बंद.

"वहिनींना पीठ रात्रभर बाहेर ठेवायला सांगितलंस ना?" भट्टीवाल्याने विचारलं.

"ते कृतीत येतं?" ती अवाक. "मला वाटलं, फ्रीजमध्ये जागा नसते म्हणून बाहेर ठेवता!"

त्याने कपाळावर हात मारला. मीटरवाली मात्र भडकली. "मी लबाड ठरले, कळतंय का? जिला साधं पाणी उकळता येत नाही, तिच्यावर आरोप काय, तर म्हणे कृती लपवली! मला नाही सहन व्हायचं हे."

तरी याचं धाडस होईना. चार दिवस शिकवणी चालली. "आच किती? आकडा सांगा," ती म्हणायची. "आकडा नसतो, रंग बघ," तो म्हणायचा. "रंग तुम्ही बघा. मी आयुष्यभर आकडेच बघितलेत." चौथ्या दिवशी तिने लाटणं ठेवून दिलं आणि म्हणाली, "मी उभी राहीन. पण काही बिघडलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार."

सगळे आले. दुपारची जेवणं झाली. दादाने सूप दोनदा वाढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसला. आत वहिनी हाताची घडी घालून ओट्यापाशी उभ्या, आत्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या, म्हणजे निर्णय द्यायला सोपं. मीटरवालीने लोणी-गूळ गॅसवर ठेवला आणि घाबरून आच मोठी केली.

भट्टीवाला बाहेर वर्तमानपत्र धरून बसला होता. वास बदललेला त्याला लगेच कळला. त्याने पान उलटलं. पुन्हा उलटलं.

तेवढ्यात दादा आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "नीट बघून घे गं! अठरा वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, धाकटीकडून काहीतरी शिक. हिच्या हाताला चव आहे, तुझ्या हाताला नुसत्या बांगड्या!"

आत वहिनींची पाठ ताठ झाली. भट्टीवाल्याला ती दारातून दिसली, आणि त्याच्या मनात काहीतरी काडकन तुटलं. तो उठला.

"अरे, निघालास कुठे? बायकांत तुझं काय काम?"

"गूळ करपतोय."

त्याने आत जाऊन गॅस बंद केला. बायकोच्या गळ्यातला ॲप्रन काढून स्वतःच्या गळ्यात घातला. आता जीभ सुटली होती. "वहिनी, हिने काही लपवलं नाही. हिला येतच नाही. बिस्किटं मी करतो. आत्ता प्यायलात ते सूप मी केलं. अठरा वर्षं या घरात तुम्ही जे जे खाल्लंत, ते सगळं मी केलं."

"अगंबाई!" आत्या म्हणाल्या. "मग इतकी वर्षं मी हिला देत होते ते आशीर्वाद?"

"मलाच लागले, आत्या. तब्येत बघा ना."

दादा आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग कुणीच हसत नाही असं बघून त्याचा चेहरा उतरला. "लाज नाही वाटत? आपल्या घरात असं कधी झालं नाही."

"आपल्याच घरात झालं, दादा. दर वर्षी झालं. आणि तू दर वर्षी दोनदा वाढून घेतलंस."

"चार लोकांत काय तोंड दाखवू मी?"

"हेच दाखव की! माझं सूप पिऊन चांगलं तुकतुकीत झालंय."

मीटरवालीने खुदकन हसून तोंडावर हात ठेवला. भट्टीवाल्याची छाती फुगली. अठरा वर्षांचं ओझं उतरलं होतं. तो वहिनींकडे वळला, आता त्या शाबासकी देणार या खात्रीने.

वहिनी हसत नव्हत्या.

"भावोजी, तुम्ही दर वर्षी त्याच खुर्चीत बसत होतात ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं. जेवताना हे मला बोलायचे, आत्यांसमोर बोलायचे, माझ्या लेकीसमोर बोलायचे. धाकटीकडून शिक, धाकटीकडून शिक. मी घरी जाऊन तेच सूप पुन्हा पुन्हा करायचे. लसूण वाढवायचे, लसूण कमी करायचे. चांगलं झालं तरी हे म्हणायचे, तिची सर नाही. आणि तुम्ही काय करत होतात? पानं उलटत होतात."

दादाच्या भीतीची किंमत आपणच मोजतोय, असं भट्टीवाला समजत होता. ती दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती.

"जाऊबाई, मी पण गप्पच होते," मीटरवाली हळूच म्हणाली.

"तू थांब. तुझं मी नंतर बघते."

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला. "फार चुकलं."

"नुसतं चुकलं म्हणून भागायचं नाही." वहिनी बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत त्यांचा आवाज एवढा शांत कुणी ऐकला नव्हता. "अहो, उठा."

"कशाला?"

"चव धाकटीच्या हातात नाही. तुमच्या सख्ख्या भावाच्या हातात आहे. म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे, नाही का? माझ्या हाताला नुसत्या बांगड्या. तेव्हा मी काही आता शिकत नाही. तुम्ही शिका. उद्या भाजायचं पीठ आज तुम्ही मळायचं, आणि ते होईपर्यंत मी या घरातून हलणार नाही."

दादाने मुलीकडे पाहिलं. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने आत्यांकडे पाहिलं.

"उठ रे बाबा," आत्या म्हणाल्या. "मला बिस्किटं खायचीयत. कुणी का करेना."

शेवटी त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. त्याच्याकडून तरी सुटका होईल अशी आशा असावी. भट्टीवाल्याने ती नजर चुकवली नाही. भट्टीसमोर बोलायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "दादा, हात धू."

दादा उठला. बेसिनपाशी गेला. नळ सोडून त्याने हात ओले केले आणि पुसायला टॉवेल शोधू लागला. वहिनी मागेच उभ्या होत्या.

"नखं," त्या म्हणाल्या.

दादाने साबण उचलला.