दवाखान्याच्या गाडीतला इन्व्हर्टर

मी बनवलेला इन्व्हर्टर चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नोकरीसाठी साताऱ्याकडून मध्य प्रदेशात देवासला येऊन मला पाचेक वर्षं झाली होती. आमच्या कारखान्याने खेड्यांसाठी फिरता दवाखाना काढायचं ठरवलं. एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दोन बाकं, औषधांचं कपाट आणि पाण्याची टाकी बसवली. डॉक्टरबाईंना मुक्काम करावा लागला तरी अडचण नको, अशी सगळी सोय. राहिली होती ती वीज. मग गाडीच्याच बॅटरीवर पंखा आणि ट्यूबलाइट चालवील असा इन्व्हर्टर बनवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. पूर्ण भार टाकून मोजलं, तर बॅटरीतून शंभर भाग वीज घेतली की ऐंशी भाग पंख्या-दिव्यापर्यंत पोचत होती. तो आकडा मी आठवडाभर भेटेल त्याला ऐकवला. बायकोला दोनदा.

गाडीवर ड्रायव्हर म्हणून धारचे एक पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांचे वडील संस्थानच्या मोटारखान्यात होते. घरातलं जुनं अदबशीर मराठी आणि बाजारातली हिंदी यांची मिसळ करून ते बोलत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्यांच्या हातची गाडी आजवर कधी कुणाला ढकलावी लागली नव्हती, आणि हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत.

महिनाभरात ते माझ्याकडे आले.

“साहेब, एक विचारू? पंखा बंद, बत्ती बंद, तरी आपला डब्बा गरम होऊन राहिलाय. खाली, रिकामा बसल्या बसल्या काही तरी खात असेल ना?”

“काका, मशीन आहे, गरम होणारच,” मी हसत म्हणालो. “कामच नाही तर खाईल कशाला?”

खरं तर काही न जोडता इन्व्हर्टर किती वीज ओढतो, हे मी मोजलंच नव्हतं. ट्रान्सफॉर्मरला नुसतं जागं ठेवायलाही वीज लागते हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण तो ट्रान्सफॉर्मर पुस्तकातला होता आणि हा माझा.

काका ऐकणारे नव्हते. गाडी थांबली, काम संपलं, की ते इन्व्हर्टर बंद करून टाकत. मध्यंतरी चालू करताना दोनदा त्याच्या आतले ट्रान्झिस्टर उडाले, तेव्हा मी त्या सवयीवर खापर फोडलं. पुठ्ठ्यावर ‘स्विच को हाथ न लगाएँ’ असं ठळक लिहून स्विचच्या वर चिकटवलं, आणि रात्रंदिवस चालू ठेवायचा म्हणून काकांना बजावलं. “जशी आपली आज्ञा,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्विचला बोट लावलं नाही.

सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं असे, तोवर निभावलं. गाडी चालली की बॅटरी पुन्हा भरत होती. मग सरदारपूरच्या पुढच्या एका गावात तीन दिवसांचं शिबिर ठरलं. थंडीचे दिवस होते, पंखा लागला नाही. दिवा संध्याकाळी तासभर. तिसऱ्या दिवशी दुपारी निघायच्या वेळी काकांनी सेल्फ मारला, तर इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. गावातल्या माणसांनी गाडी ढकलली. काळ्या मातीच्या चाकोरीत ती काही सुरू होईना. शेवटी काका खाली उतरले आणि स्वतःच मागून खांदा लावू लागले, असं डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितलं. गाडी ट्रॅक्टरने ओढून सरदारपूरला आणली. बाई बस बदलत बदलत देवासला पोचल्या, त्या तणतणतच.

मॅनेजरांनी माझ्याकडून लेखी कारण मागितलं. मी लिहिलं: ड्रायव्हरने बॅटरीत वेळच्या वेळी पाणी भरले नाही. बॅटरीचं एक झाकणसुद्धा न उघडता लिहिलं. काकांना गाडीवरून काढून फाटकावर वही घेऊन बसवण्यात आलं.

पंधरा दिवसांनी इन्व्हर्टर टेबलावर घेतला. पंखा आणि दिव्याच्या तारा काढून ॲमीटर लावला. काटा शून्यावर यायला हवा होता, तो आला नाही. मी पुन्हा जोडून पाहिलं. मग कागदावर तीन दिवसांचा हिशेब केला. कशालाही उपयोगी न पडता त्या डब्याने एकट्याने बॅटरी रिकामी केली होती. मग त्या दिवसापासून तशीच पडून असलेल्या बॅटरीची झाकणं उघडली. पाणी खुणेपर्यंत भरलेलं होतं.

मॅनेजरांची खोली एक जिना वर होती. तो जिना मी चढलो नाही. माझ्या बढतीचं बोलणं चालू होतं आणि मी घाबरलो, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. मी काय केलं, तर भार नसताना इन्व्हर्टर आपोआप बंद होईल अशी जोडणी केली. मॅनेजरांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. काकांनी त्याच वर्षी नोकरी सोडली.

सहा-सात वर्षांनी पाहुण्यांना मांडूचा किल्ला दाखवायला घेऊन जाताना धारच्या बसस्टँडवर काका भेटले. वाळले होते. माझा हात धरून त्यांनी मला चहाच्या ठेल्यावर नेलं.

“साहेब, आपली माफी मागायची राहून गेली होती.”

“कसली माफी, काका?”

“पाणी भरल्याचं मला पक्कं आठवत होतं हो. वर्षभर घरात हेच बोलत राहिलो. मग विचार केला, साहेब शिकलेला माणूस, खोटं कशाला लिहील? मीच विसरलो असेन. माझ्यापायी आपल्या मशीनला नावं ठेवली गेली. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. भरवसाच राहिला नाही स्वतःचा.”

सांगायचं वाक्य माझ्यापाशी तयार होतं, किती तरी वर्षं तयार होतं. तिकडे पाहुणे बसच्या दारातून हाका मारत होते.

“असू द्या काका,” मी म्हणालो. “होतं असं कधी कधी.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. मी त्यांना माफ केलं होतं.